हललं की काटा खोटं बोलतो

वाचणाऱ्यांनो, आधी तुमच्याशी दोन मिनिटं. मग मी आत्याशी बोलणार आहे, तेव्हा मधे बोलायचं नाही.

विहाराच्या पुस्तिकेत माझं नाव बघून तुम्ही हे पान उघडलंत, म्हणजे तुम्हाला वाटलं असणार, आला, नकल्या मिल्या आला. आता आत्याचा आवाज काढणार, आपण रडता रडता हसणार आणि शेवटी म्हणणार, पोरगं गुणी आहे हो. किंवा तुमची दुसरी तयारी असेल. कालकथित शकुंतलाबाई, चौकटीत फोटो, हसतमुख, मनमिळाऊ, पोरके झालो. रुमाल काढून मांडीवर ठेवला असेल.

दोन्ही नाही मिळणार. मनमिळाऊ तर ती नव्हतीच, अर्ध्या गल्लीशी तिचं भांडण होतं. आणि तिचा आवाज काढून मी काय करून ठेवलंय, तेच खाली लिहिलंय. नुसतं हसायचं असेल त्यांनी पान उलटा. पुढच्या पानावर आभार आहेत.

आत्या, आज वीस दिवस झाले.

घरात तुझा चष्मा अजून टीव्हीवरच आहे. तुझी प्रज्ञा रोज तो उचलते, खालची धूळ पुसते आणि परत तिथंच ठेवते. मी माळ्यावरून बघतो. आम्ही दोघं फार बोलत नाही. तू असताना आमच्या दोघांचं सगळं बोलणं तुझ्यातूनच जायचं ना. "आई, त्याला सांग मोटर बंद कर." "आत्या, तिला सांग, केलीये." आता मोटर चालूच राहते, टाकी वाहते, शेजारचे ओरडतात.

मेहकरहून बारावी नापास होऊन तुझ्याकडं आलो तेव्हा मला वाटलेलं, घाटकोपर म्हणजे सपाट असेल. तू मला स्टेशनवरून डोंगरावर चढवलंस, माझी बॅग तुझ्या डोक्यावर, आणि वर आल्यावर म्हणालीस, "काहून रे, दम लागला? अजून तर आपली गल्ली यायचीये." दुसऱ्या दिवशी तू मला तुझ्या अंगणवाडीत नेलंस. म्हणालीस, घरी बसून छत बघण्यापेक्षा पोरं धर.

पोरं धरायची म्हणजे वजनाला. छताच्या हुकाला तो घड्याळासारखा काटा टांगलेला, त्याच्याखाली चड्डीसारखी झोळी. पोरगं झोळीत घातलं की बोंब ठोकायचं, पाय झाडायचं, काटा इकडून तिकडं. आणि तू कमरेवर हात ठेवून उभी.

"हलायचं नाही हां बाळा. हललं की काटा खोटं बोलतो. आणि खोटं वजन ही बाई लिहीत नसते."

आणि पोरगं खरंच गप्प व्हायचं! मी मेहकरला हेडमास्तरांपासून बसस्टँडवरच्या कंट्रोलरपर्यंत सगळ्यांचे आवाज काढले होते, पण असा आवाज नव्हता बघितला. वरून दगड, आतून गूळ. 'बाळा'तला 'ळा' तू जरासा लांबवायचीस आणि शेवटी नाकातून सोडायचीस. मला तो यायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी मी मोरीतून ओरडलो, "ए, कोण रे पायऱ्यांवर? शेंबूड पूस आधी!" आणि बाहेर खरंच चार पोरांनी नाकं पुसली. तू पोळपाट घेऊन मागं लागलीस. मग दारात बसून पदर तोंडात कोंबून हसलीस. म्हणालीस, "माझा आवाज आता माझ्यापेक्षा तुझ्याकडंच जास्त राहतो. भाडं लाव त्याला."

तो आवाज मी पुढं कुठं नेला हे तुला माहीत आहे. पण ते कसं झालं ते मी तुला नीट कधी सांगितलं नाही.

स्कॅन सेंटरमध्ये लागलो तेव्हा माझं काम म्हणजे पेशंटला कपडे बदलायला लावणं, बांगड्या-पिना काढून घेणं, औषधाचं पाणी तासभर घोट घोट पाजणं आणि सीटीच्या टेबलावर नीट झोपवणं. सीटीत एकच गोष्ट पेशंटच्या हातात असते. श्वास. मशीन सांगतं, श्वास घ्या, रोखा. मग दहा सेकंदांत फोटो होतात. मग सांगतं, सोडा. आमचं मशीन ते हिंदीत सांगायचं, अगदी विमानातल्या बाईसारखं. डोंगरावरच्या आज्या घाबरून 'रोकिए'ला सोडायच्या आणि 'छोड़िए'ला घ्यायच्या. सावंत सर, आमचे टेक्निशियन, वैतागायचे. म्हणाले, आपण मराठीत भरू आवाज, मशीनमध्ये सोय आहे. पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा भरला. पण सर पडले सावंतवाडीचे, त्यातून सर्दी. पेशंटला वाटायचं पोलीस आलेत.

मग म्हणाले, "मिल्या, तू एवढे आवाज काढतंस, एक कामाचो काढ बघू."

मी विचार नाही केला. तुझाच निघाला. "श्वास घे बाळा. धर. हलायचं नाही हां." मग दहा सेकंद. मग, "सोड आता."

झकास चाललं. सत्तर वर्षांच्या बाया 'बाळा' ऐकून अंगणवाडीतल्या पोरांसारख्या गप्प पडून राहायच्या. काही जणी उतरताना विचारायच्या, आत बसलेली बाई कोण होती, चांगली होती हो. मी म्हणायचो, आहे एक. तुला मात्र सांगितलं नाही. म्हटलं, कधीतरी तुला सेंटर दाखवायला नेऊ, मजा करू.

मजा.

गाठ तुला किती महिने आधी कळली होती आत्या? हे भांडण आपलं राहिलंच आहे. तू म्हणायचीस, दिवाळीनंतर. प्रज्ञा म्हणते, दिवाळीच्या आधीपासून तू त्या बाजूच्या कुशीवर झोपत नव्हतीस. गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या दंडाला तू ती रंगीत पट्टी लावून बघायचीस, पट्टी लालवर आली की त्याच्या आईला उभं आडवं घ्यायचीस, "काहून नाही आणलं आधी? झोपली होती?" आणि स्वतःचं? ब्लाउजच्या आत ठेवून दिलंस, पर्समध्ये जुनं बिल ठेवतात तसं.

तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले, आता छाती-पोटाचा सीटी काढू, कुठं पसरलाय का ते कळेल, त्यावर पुढचं ठरेल. प्रज्ञा म्हणाली, इथंच नंबर लावू, पंधरा दिवसांनी का होईना. मी म्हटलं, पंधरा दिवस कशाला, आमच्याकडं उद्या होईल. ओळख आहे, सावंत सर आहेत. तू म्हणालीस, "जिथली दवा तिथलंच मशीन बरं बाप्पा." मी हट्ट केला. मीच केला. खरं सांगायचं तर तुला लवकर व्हावं हे होतंच, पण त्याच्या बाजूला एक दुसरी गोष्टपण बसली होती. मला तुझं तोंड बघायचं होतं, तुझाच आवाज ऐकताना.

सकाळी तू उपाशी आलीस. डोंगर उतरून, रिक्षा न करता. मी बांगड्या काढून घेतल्या, पिना काढून घेतल्या. ब्लाउजच्या, पदराच्या, आणि मग तू परकराच्या नाडीजवळून अजून दोन काढल्यास. "लागतात रे. कुठल्या पोराच्या चड्डीची नाडी कधी तुटेल." गाऊन घालून आलीस तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं की तू बारीक झालीयेस. मान त्या गाऊनमध्ये सैल वाटत होती.

मशीन बघून म्हणालीस, "एवढा मोठा मेदूवडा? ह्याच्या भोकातून जायचं?"

मी म्हटलं, "इंजेक्शन दिलं की अंग गरम होतं. लघवी झाल्यासारखी वाटते. होत नाही पण."

"आणि झाली तर?"

"तर मी पुसतो."

"तूच पूस. लहानपणी मी तुझी पुसलीये."

सावंत सरांना म्हणालीस, "सर, हे पोरगं काम करतं का नुसते आवाज काढतं?" सर म्हणाले, "आवाज काढताना काम बरां करता, बाई." हाताला सुई लावली, हात डोक्याच्या वर, आणि मी दार लावून काचेमागं आलो. सरांनी विचारलं, "भाषा कुठली ठेवू?" विचारलं होतं आत्या. मी हिंदी म्हणू शकलो असतो.

मी म्हटलं, "मराठीच."

टेबल आत गेलं. आणि खोलीत तू बोललीस. "श्वास घे बाळा."

काचेतून मला तुझे फक्त पाय दिसत होते. दोन्ही अंगठे ताठ झाले. "धर." आणि "हलायचं नाही हां," झालं, आणि तुझे पाय थरथरायला लागले. मला एक सेकंद वाटलं औषधाची ॲलर्जी आली. मग कळलं, तू हसतीयेस. श्वास धरून, ओठ मिटून, पोट उडवून हसतीयेस. छातीचा फेरा पूर्ण होईपर्यंत तू हसत होतीस. पोटाच्या फेऱ्याला मग आवरलंस. शहाण्यासारखी पडून राहिलीस.

सर स्क्रीनकडं बघत म्हणाले, "खाली हललां रे. फुप्फुसाचो खालचो भाग धूसर इलो. छातीचो एक फेरो परत मारूया?"

माइकवर तुझा आवाज आला, तुझा खरा. "झालं का रे मेल्या? पोटात कावळे ओरडून राहिले."

बाहेर दोन स्ट्रेचर उभे होते. सर माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "राहू द्या सर. सकाळपासून उपाशी आहे."

दहा सेकंद लागले असते. इंजेक्शनपण परत लागलं नसतं.

तू बाहेर आलीस आणि पहिला धपाटा पाठीत घातलास. "माझाच आवाज मला ऑर्डर सोडतो? आणि काय रे, मी इतका उशीर लावते 'सोड' म्हणायला? पोरगं मरेल की तोवर." मी म्हटलं, मशीनला दहा सेकंद लागतात. तू म्हणालीस, "मशीनला सांग, बाई आठातच सोडते." मग आपण सेंटरच्या खाली उभ्याउभ्या इडली खाल्ली. तू तीन प्लेट खाल्ल्यास आणि मधे मधे चटणीसकट फुस्सकन हसत होतीस. तू एवढी हसलेली मी नंतर बघितली नाही. मला मेहकरच्या गॅदरिंगला पहिला नंबर आला होता तेव्हापेक्षा जास्त मोठं वाटलं त्या दिवशी. लाज वाटते लिहायला, पण वाटलं.

रिपोर्ट मीच घरी आणला. लिव्हर साफ. हाडं साफ. आणि मधे एक ओळ, की श्वासाच्या हालचालीमुळे दोन्ही फुप्फुसांचा खालचा भाग नीट दिसत नाही, तिथल्या बारीक गाठींबद्दल सांगता येत नाही, वाटल्यास परत स्कॅन करावा. प्रज्ञा त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, हे काय आहे? तू माझ्याकडं बघितलंस. सेंटरमधला माणूस मी.

मी म्हटलं, "ते सगळ्यांच्याच रिपोर्टमध्ये येतं."

डॉक्टरांनीपण विचारलं, हे परत काढायचं का? तूच सांगितलंस, "आमचा पोरगा तिथंच असतो, म्हणतो सगळ्यांचंच येतं." एवढ्या विश्वासानं सांगितलंस की डॉक्टर हसले आणि ऑपरेशनची तारीख लिहिली.

एक बाजू काढली. घरी आल्यावर तू चार दिवस आरशाकडं पाठ करून साडी नेसायचीस. पाचव्या दिवशी तू जुन्या परकराची पिशवी शिवलीस, आत मोहरी भरलीस आणि मला म्हणालीस, चल अंगणवाडीत. दार लावून घेतलंस. झोळी काढून ती पिशवी काट्याला लावलीस, चष्मा वर करून बघितलंस, थोडी मोहरी काढलीस, परत लावलीस. मी म्हटलं, आत्या, दुसऱ्या बाजूचं वजन तुला कसं माहीत? तू म्हणालीस, "पंचवीस वर्षं झाली वजनं करून. हातानं कळतं." मला हसू येत नव्हतं. तू म्हणालीस, "हस की. तुझ्यासाठी केलं." मी नाही हसलो. त्याबद्दल माफ कर.

मग खोकला आला. तू म्हणालीस डोंगरावरची धूळ आहे. प्रज्ञानं ऐकलं नाही, मोठ्या हॉस्पिटलात परत सीटी केला. तिथली हिंदी बाई म्हणाली रोकिए, तू रोखलास. फोटो स्वच्छ आले. दोन्ही फुप्फुसांत, खाली, ठिपके. बरेच.

डॉक्टर प्रज्ञाला म्हणाले, आता गोळ्या-इंजेक्शनवरच जावं लागेल. ती म्हणाली, हे आधीच होतं का? ते म्हणाले, सांगता येत नाही. आणि मग, सहज, फाइल बंद करता करता म्हणाले, "आधी कळलं असतं तर आपण ऑपरेशन केलं नसतं. मग औषधांवरच गेलो असतो." तू बाहेर बाकावर होतीस, तुला हे ऐकू आलं नाही. मला आलं. प्रज्ञाच्या मागंच उभा होतो मी, फाइलींची पिशवी धरून.

म्हणजे बघ आत्या. एकतर ठिपके नंतर आले आणि माझा काही दोष नाही. किंवा ते तेव्हाच तिथं बसले होते, तुझ्या हसण्याच्या मागं लपून, आणि तुझी एक बाजू उगाच कापली गेली, उगाच ऑपरेशननंतर तुझा हात सुजला, उगाच तू पिशवीत मोहरी भरलीस.

मी आमच्या रिपोर्टवाल्या मॅडमकडं गेलो. त्या कुणाशी जास्त बोलत नाहीत, अंधाऱ्या खोलीत दिवसभर फोटो बघतात. मोठ्या हॉस्पिटलातल्या स्कॅनची सीडी पुढं केली, म्हटलं, मॅडम, आपला जुना स्कॅन एकदा उघडता? का ते सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. त्यांनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले. नव्यात ठिपका दिसला की जुन्यात त्याच जागी जायच्या. परत परत. जुन्यात तिथं नुसत्या लाटा. तव्यावर पाणी शिंपडल्यावर हलतं तसं.

मॅडम म्हणाल्या, "इथं काही दिसत नाहीये. पण नव्हतं म्हणून दिसत नाही, की हललं म्हणून दिसत नाही, ते मी सांगू शकत नाही. कोणीच नाही सांगू शकणार."

त्या लाटा म्हणजे तू आहेस आत्या. तू हसताना. माझ्याकडं तुझा हसतानाचा फोटो नाही, तू दात पुढं आहेत म्हणून तोंड मिटून काढायचीस. हा एकच आहे आणि तो मला बघवत नाही.

मला तुला सांगायचं होतं. शेवटचे दोन महिने मी तुझ्या उशाशी होतो, रोज म्हणायचो आज सांगतो. तू आवाज काढायला लावायचीस. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याचा काढ, सुपरवायझर मॅडमचा काढ. मी काढायचो. तुला हसू आलं की खोकला यायचा, खोकला आला की प्रज्ञा डोळे वटारायची. एकदा मी म्हटलंच, "आत्या, त्या दिवशी मशीनमध्ये..." तू मधेच विचारलंस, "तो आवाज आहे का अजून तिथं?"

"आहे."

"बाया ऐकतात?"

"ऐकतात."

"मग 'सोड' लवकर म्हणत जा. म्हाताऱ्यांना धरवत नाही."

"आत्या, दहा सेकंद लागतातच."

"आठ."

"दहा."

"लय शहाणा. झोपू दे मला."

एवढंच झालं. माझं सांगणं राहिलं ते राहिलंच. तुला माहीत होतं का? प्रज्ञाला डॉक्टर काय म्हणाले ते तू तिच्या तोंडावरून वाचलं असशील, तू सगळ्यांची तोंडं वाचायचीस. की तुला खरंच झोप आली होती? मी दोन्ही प्रकारे करून बघितलं मनात. दोन्ही तुझ्याच आवाजात ऐकू येतं, आणि तो आवाज तर मीच काढतो. त्याचा भरवसा काय.

शेवटच्या सकाळी नाकाला ऑक्सिजनची नळी होती आणि तू एकेक श्वास डोंगर चढल्यासारखा घेत होतीस. प्रज्ञा म्हणाली, "मिल्या, बोल ना तिच्याशी काहीतरी. तुझं ऐकते ती." माझ्या तोंडाशी दोन शब्द आले होते. कुठले ते तुला माहीत आहे. मी ते नाही म्हटले. मी म्हटलं, आत्या, मोटर बंद केलीये. आणि तुझ्या हातावर हात ठेवून बसलो. मग तू आपली आपणच सोडलास.

हे सगळं लिहून मी आधी प्रज्ञाला वाचायला दिलं. तिनं ओट्याशी उभं राहून वाचलं. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून कागद परत दिला आणि दळण आणायला गेली. संध्याकाळी माझं ताट वाढलेलं होतं, पण झाकून. पुढचं तिलाही मी सांगितलेलं नाही, ते हे वाचूनच कळेल.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी मी कामावर गेलो. पहिला पेशंट टेबलावर गेला आणि खोलीत तू म्हणालीस, "श्वास घे बाळा." मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो. सावंत सर आले. मी म्हटलं, काढून टाका सर. सर म्हणाले, पेशंटांक बरां पडता रे. मी म्हटलं, काढाच. त्यांनी पुसलं आणि मशीन परत हिंदीवर लावलं. मला वाटलं, आता सुटलो.

परवा कोळीवाड्यातली म्हातारी आली. तुला सांगायचो ना मी, ती मासळीवाली, तुझ्यासारखंच दुखणं, दर तीन महिन्यांनी स्कॅन, नाकात ही एवढी नथ आणि ती काढायला मला पाव तास भांडावं लागतं. तिला झोपवलं, दार लावलं. हिंदी बाई म्हणाली साँस लीजिए. म्हातारी उठूनच बसली! सुईसकट.

"ही कोन? आपली बाय कुठं गेली?"

मी आत गेलो. म्हटलं, "आजी, आता हीच आहे. झोपा."

"झोपा काय झोपा? मना हिचं कलत नाय. ती 'बाला' बोलनारी आन."

"ती नाही येणार."

"का? सुट्टीवर हाय?"

मी म्हटलं, "वारली, आजी."

म्हातारीनं माझ्या तोंडाकडं बघितलं, लय वेळ, मासा ताजा आहे का बघतात तसं. "तुझी कोन होती?"

"आत्या. पण तो आवाज तिचा नव्हता. मी काढायचो. तिच्यासारखा."

वाटलं आता हात उगारेल. "मंग? ती गेली, तुझा घसा नाय ना गेला? तिकरं बस काचंच्या मागं नि बोल. मी हिच्यासाठी श्वास नाय धरनार, सांगून ठेवते."

सावंत सरांनी माइक माझ्याकडं सरकवला. म्हणाले, बोटान खूण करतंय तेव्हा बोल. टेबल आत गेलं. म्हातारीचे पाय दिसत होते, भेगा पडलेले. मी तोंड उघडलं. तू गेल्यापासून काढला नव्हता, वाटलं येणार नाही. आला. नाकातल्या 'ळा'सकट आला.

"श्वास घे बाळा. धर. हलायचं नाही हां."

मशीन फिरायला लागलं. मी मनात मोजत होतो. पाच, सहा, सात. आणि आठाला, आत्या, माझ्याशी वाद घालायला तू नव्हतीस, म्हणून मी तुझं ऐकलं.

"सोड आता."

म्हातारीनं सोडला. स्क्रीनवर खाली लाटा आल्या.

सर माझ्याकडं वळले. "गाढवा! अजून दोन सेकंदां होती! खूण केलंय मी? खालचो भाग गेलो ना सगळो!" मग काचेकडं बघत, हळू आवाजात, "काय करूचा? राहू दे?"

मी म्हटलं, "नाही सर. परत."

आतून म्हातारी ओरडत होती, माइकशिवाय ऐकू येत होतं. "काय रं ए! एवढ्यात सोड? तुझी आत्या अशी करायची? ती बरोबर धरवायची! मी पडलीये इथं उपाशी, मना काय घाई हाय? परत बोल. नि या खेपेला नीट बोल, मेल्या, रडू नको मधी, मना हसायला येतं मग नि मी हलते!"